घरच्या फ्रिजमध्ये बीफ मुरवताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी

गोव्यात वाढलेल्या माणसाचं खाण्याचं गणित मासळीवर बेतलेलं असतं. बांगड्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, डोळा चकचकीत आहे का बघायचं, बोटाने दाबून खळगा पडतो का बघायचं. सकाळी घेतलेली मासळी दुपारच्या हुमणात गेली पाहिजे. हाच नियम आपण बीफलाही लावतो. पहाटे कापलेलं, आठ वाजता पिशवीत, अकराला चुलीवर. म्हणूनच कुणी ‘तीस दिवस फ्रिजमध्ये ठेवलेलं बीफ’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं नाक आधी मुरडतं.

मासळीसाठी तो नियम अगदी बरोबर आहे. मोठ्या जनावराच्या मांसाला मात्र तो लागू पडत नाही. हे मला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कळलं. तिथे एका काचेच्या कपाटात काळपट, वाळकुंडे दिसणारे तुकडे टांगलेले असायचे. त्यातला एक पहिल्यांदा कापला तेव्हा आतून निघालेलं लालभडक मांस आणि भाजलेल्या काजूसारखा त्याचा वास मी अजून विसरलेलो नाही. आता म्हापशाजवळच्या घरी दर हिवाळ्यात मी एक तरी तुकडा मुरवतो, म्हणजे मीठ-मसाला न लावता थंडीत आणि वाऱ्यात महिनाभर ठेवतो. इंग्रजीत याला ‘ड्राय एजिंग’ म्हणतात. ज्यांच्या घरी बीफ खाल्लं जातं आणि ज्यांनी हे कधी केलेलं नाही, त्यांना पहिला तुकडा न नासवता पार पाडता यावा म्हणून हे लिहितो आहे.

तीस दिवसांत घडतं काय

जनावर कापल्यावर स्नायूंतली साठवलेली साखर लॅक्टिक आम्लात बदलते. मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा; तो उतरला की आंबटपणा वाढतो) सातच्या आसपास असतो, तो साडेपाचपर्यंत उतरतो. त्याच वेळी स्नायू आखडतात. पहिल्या दिवसात मांस सगळ्यात चिवट असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण ते शिजवायला घेतो. मग कुकरच्या शिट्ट्या मोजत बसावं लागतं.

मांस थंडीत नुसतं राहू दिलं की त्यातलेच विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतात. कॅल्पेन नावाचे विकर स्नायूंच्या धाग्यांमधले सांधे कुरतडून सैल करतात. मऊपणाचं बहुतेक काम पहिल्या दोन आठवड्यांत होतं. चव त्यानंतर चढते. पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं, प्रथिनं फुटून चवदार तुकडे सुटे होतात, चरबीचाही वास बदलतो. तिसऱ्या आठवड्यानंतर सुक्या मेव्याचा आणि जुन्या चीजचा गंध येऊ लागतो. पंचेचाळीस दिवसांपुढे तो इतका उग्र होतो की मला स्वतःला नको वाटतो. नवख्याने अठ्ठावीस ते तीस दिवसांवर थांबावं.

यात मीठ लावायचं नाही, हे गोव्यात मुद्दाम सांगावं लागतं. आपल्याकडे नाताळाला सॉल्टेड टंग करतात. त्यात जिभेला मीठ आणि सोरा चोळून ती वजनाखाली दाबून ठेवतात. चोरीसात, म्हणजे गोव्याच्या सॉसेजमध्ये, मीठ, विनेगर आणि मिरची असते. तिथे मांस टिकतं ते मिठामुळे आणि आंबटामुळे. ड्राय एजिंगमध्ये यातलं काहीच नसतं. लोणचं मिठात मुरतं, हे मांस थंडीत आणि वाऱ्यात मुरतं. त्यामुळे थंडी किंवा वारा चुकला तर सावरून घ्यायला मागे दुसरं काही नाही.

तुकडा कुठला घ्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी कायद्याचं. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे. बाजारात जे बीफ मिळतं ते रेड्याचं, म्हशीचं किंवा बैलाचं. फोंड्याजवळच्या उसगावला सरकारी कत्तलखाना आहे, गोवा मीट कॉम्प्लेक्स. परवाना असलेल्या गाळ्यावरून, तपासलेलं मांसच घ्या. तीस दिवस ठेवायच्या मांसाची सुरुवात स्वच्छ असावीच लागते. आणि मुरवलेला तुकडा पाहुण्यांसाठी म्हणून बांद्याच्या पलीकडे नेऊ नका. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. डब्यातलं मांस कुणाचं, हे नाक्यावर समजावत बसायची वेळ येऊ नये.

गोव्याला बीफ मोठ्या प्रमाणात बेळगावच्या बाजूने येतं. कर्नाटकात २०२१ च्या जानेवारीत नवा कायदा लागू झाला. त्यानुसार तिथे फक्त तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेडे कापता येतात. म्हणजे आपल्या वाट्याला बरंचसं मांस वयस्क जनावराचं येतं. हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. जनावर म्हातारं झालं की स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा घट्ट होत जातात, आणि ड्राय एजिंगने ते विरघळत नाहीत. विकर धागे सैल करतात, पडदे नाही. पडदे सुटतात ते मंद आचेवर तासन्‌तास शिजवल्यावरच. म्हणून मांडी, छाती, पायाचा खालचा भाग असले तुकडे मुरवण्यात अर्थ नाही. ते शाकुतीला किंवा रोस्टला ठेवा.

घ्यायचं ते पाठीचं मांस. कण्याच्या दोन्ही बाजूंनी जो लांब स्नायू जातो, त्याला जन्मभर फारसं काम नसतं. त्यात पडदे कमी असतात, त्यामुळे म्हाताऱ्या रेड्याचाही तो भाग मुरून मऊ होतो. गुरांना बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. त्यातल्या मागच्या बाजूच्या चार-पाच बरगड्यांना चिकटलेला पाठीचा ठोकळा हाडांसकट मागा. हाडाच्या बाजूने तुकडा वाळत नाही, तेवढं मांस वाचतं. वरच्या बाजूला चरबीचा थर असेल तर तिकडूनही वाचतं. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते आणि मांस गर्द लाल, त्याने दचकू नका.

अंडरकट, म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूचा तुकडा, घेऊ नका. गोव्यात चांगला तुकडा म्हटला की खाटीक तोच पुढे करतो. पण अंडरकट मुळातच मऊ असतो, बारीक असतो आणि अंगावर चरबी नसते. महिन्याभरात तो चारी बाजूंनी वाळून हातात काठी उरेल. कापलेले स्टेकही मुरवायचे नाहीत. एक इंच जाडीच्या तुकड्याच्या दोन्ही बाजू सोलल्या तर आत काय राहणार? तुकडा किमान चार किलोचा हवा. पाच असेल तर उत्तम.

गाळ्यावर जाऊन ऐन वेळी असा ठोकळा मिळत नाही. तोवर सकाळीच त्याचे तुकडे पडलेले असतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा: “भाई, मला पाठीचा अख्खा पीस पाहिजे, बरगड्यांसकट. वरची चरबी काढू नका. आणि आजचं गरम नको, चिलरमध्ये एक दिवस टांगलेलं द्या.” शेवटचं वाक्य विसरू नका. अजून न आखडलेलं गरम मांस लगेच कडक थंडीत घातलं तर स्नायू जोरात आकसतात, आणि तो चिवटपणा पुढे महिनाभर मुरवूनही पुरता जात नाही. एक दिवस टांगून, हळूहळू थंड झालेलं मांस हवं.

आणलेला तुकडा नळाखाली धुवायचा नाही. आपल्या घरांत मांस तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, मला ठाऊक आहे. माझ्या आईशी याच मुद्द्यावरून माझा वाद झालेला आहे. पण इथे पृष्ठभाग लवकरात लवकर कोरडा होणं हीच सुरक्षितता आहे. हाडांचा भुसा सुरीच्या पात्याने खरवडा, लोंबणारे बारीक तुकडे कापून टाका, आणि कागदी टॉवेलने सगळीकडून टिपून घ्या.

फ्रिज

घरचा रोजचा फ्रिज चालणार नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडला जाणारा, ज्यात खारे बांगडे, कापलेला कांदा आणि कालची शाकुती आहे, असा फ्रिज या कामाचा नाही. चरबी वास शोषून घेते. दुसरं कारण गोव्याच्या हवेचं. तीस अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरमागे चोवीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते, आणि दोन अंशांच्या हवेत जेमतेम साडेपाच ग्रॅम मावते. उरलेली वाफ पाणी होऊन आतल्या थंड वस्तूंवर, म्हणजे तुमच्या मांसावरही बसते. प्रत्येक वेळी दार उघडलं की तुम्ही तुकड्यावर पाण्याचा हात फिरवता, असं समजा.

म्हणून वेगळा, फक्त यासाठीचा फ्रिज हवा. जुना चालेल. फ्रॉस्ट-फ्री असेल तर जास्त बरं, कारण त्यात पंखा असतो आणि तो हवा कोरडीही ठेवतो. एकदारी, बर्फ साचणारा साधा फ्रिजही चालतो, पण त्यात पंखा बसवावा लागेल. कॉम्प्युटरच्या दुकानात बारा व्होल्टचा, एकशेवीस मिलिमीटरचा पंखा मिळतो. त्याची बारीक वायर दाराच्या रबरातून बाहेर काढता येते. रबर मात्र नीट बसलं पाहिजे. दारात कागद धरून दार लावा, ओढल्यावर कागद सहज सुटून आला तर फट आहे.

हॉटेलं आवरताना खोल्यांमधले छोटे मिनीबार स्वस्तात विकायला निघतात. ते घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच जणांना कॉम्प्रेसर नसतो, आणि गोव्याच्या मे महिन्यात ते दोन अंशांपर्यंत पोचत नाहीत. वाइनचे कूलरही पाच अंशांच्या खाली उतरायला बनवलेले नसतात.

लागणारं बाकी सामान थोडंच आहे: स्टीलची जाळी, खाली ठेवायला ट्रे, डिजिटल थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारं मीटर, स्वयंपाकाचा वजनकाटा आणि एक वही. थर्मामीटर आधी तपासून घ्या. ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवलं पाहिजे. फ्रिजमध्ये त्याचं टोक हवेत लोंबत न ठेवता पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, पण मांस किती थंड आहे ते पाणी जास्त खरं सांगतं.

आकडे असे. तापमान एक ते तीन अंश सेल्सिअस, चारच्या वर कधीच नाही. शून्याच्या दीड-दोन अंश खाली गेलं तर मांस गोठतं आणि विकर जवळपास थांबतात. आर्द्रता पंचाहत्तर ते पंचाऐंशी टक्के. त्याहून जास्त झाली तर पृष्ठभाग चिकट होतो आणि बुरशी धरते. फार कमी झाली, किंवा पंख्याचा झोत थेट मांसावर आला, तर बाहेरचा थर झटकन टणक होतो आणि आतला ओलावा अडकून बसतो. पंखा समोरच्या भिंतीकडे वळवा, वारा फिरून मांसापर्यंत आला पाहिजे.

आर्द्रता उतरतच नसेल तर खालच्या कप्प्यात ताटभर जाडं मीठ पसरून ठेवा. मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेतच पाणी ओढतं, त्यामुळे हवा गरजेपेक्षा जास्त सुकत नाही. मिठाला पाणी सुटलं की बदला. मिठाचा मांसाला स्पर्श होता कामा नये.

मांस आणण्याआधी रिकामा फ्रिज तीन दिवस चालवून बघा, आकडे वहीत टिपा. आतून पातळ व्हिनेगरने पुसून, कोरडा करून, दार उघडं ठेवून वारं लागू द्या. सुगंधी फिनेल वापरू नका.

वेगळा फ्रिज शक्यच नसेल त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. ओलावा बाहेर सोडणाऱ्या खास पिशव्या ऑनलाइन मिळतात. पिशवी मांसाला सगळीकडून चिकटलेली हवी, हवेचे फुगे राहता कामा नयेत. वास कमी चढतो, चव थोडी सौम्य येते, पण रोजच्या फ्रिजमध्ये हे जमतं. फ्रिज तीन अंशांवर ठेवावा लागेल आणि तुकडा सगळ्यात मागे, जाळीवर. साधी प्लास्टिकची पिशवी किंवा क्लिंग फिल्म यासाठी वापरू नका, त्यात मांस घामेजून नासतं.

कधी सुरू करावं

पावसाळ्यात पहिला प्रयोग करू नका. जून ते सप्टेंबर हवा ओली असते, वीज जात-येत असते, आणि भिंतींनाच बुरशी आलेली असते तिथे मांसाची काय कथा. माझं ऐकाल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करा. पंचवीस नोव्हेंबरला ठेवलेला तुकडा नाताळाच्या दिवशी बरोबर तीस दिवसांचा होतो. तेव्हा हवाही कोरडी असते.

रोजचं बघणं

पहिल्या दिवशी तुकडा वजन करून, हाडाची बाजू खाली ठेवून जाळीवर मांडा. सगळ्या बाजूंना तीन-चार बोटं मोकळी जागा हवी. वजन आणि तारीख वहीत लिहा.

पहिले चार दिवस सगळ्यात नाजूक. या काळात पृष्ठभाग अजून ओला असतो आणि जंतूंना हवं ते सगळं तिथे हजर असतं. पंखा अखंड चालू ठेवा, दार उघडू नका. थर्मामीटरचा पडदा बाहेर असेल असाच विकत घ्या, म्हणजे आकडे बघायला दार उघडावं लागत नाही. चौथ्या दिवशी उघडून स्वच्छ, कोरड्या बोटाने स्पर्श करा. बोटाला ओल लागता कामा नये. कागदासारखा कोरडा पापुद्रा हाताला लागला तर तुकडा मार्गी लागला.

आठवड्याने रंग गर्द होतो. दोन आठवड्यांनी बाहेरचा थर जांभळट-काळा आणि चामड्यासारखा होतो, कडा आत ओढल्या जातात. नवख्याला इथे भीती वाटते. हा रंग नासण्याचा नाही, वाळण्याचा आहे. आठवड्यातून एकदा उलटा-सुलटा करा, वजन घ्या, आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून वासही शब्दांत टिपा. मी ‘ओलं लोखंड’, ‘लोणी’, ‘भाजका शेंगदाणा’ असं लिहितो.

तीस दिवसांत निव्वळ पाणी उडून बारा-पंधरा टक्के वजन कमी होतं. पाच किलोच्या तुकड्याचे साधारण सव्वाचार ते चार किलो चारशे ग्रॅम राहतात. त्यातून वाळका थर आणि हाड काढल्यावर खायचं मांस पावणेतीन किलोच्या आसपास निघतं. आपल्याकडच्या जनावरावर चरबी कमी असल्याने कधी त्याहूनही कमी. हा हिशेब आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

वीज गेली तर

मी गमावलेला एकच तुकडा विजेमुळे गेला. पावसाची पहिली मोठी रात्र होती, वीज साडेनऊला गेली आणि पहाटे आली. सकाळी थर्मामीटर अकरा अंश दाखवत होता. तुकडा एकवीस दिवसांचा, दिसायला सुरेख, वासालाही बरा होता. तासभर मी तो हातात घेऊन विचार करत होतो. शेवटी मी तो टाकून दिला. तेव्हापासून पावसाळ्यात मुरवत नाही आणि फ्रिज इन्व्हर्टरवर घेतला आहे.

बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. रिकामा फ्रिज त्याहून लवकर तापतो, म्हणून खालच्या कप्प्यात पाण्याच्या बंद बाटल्या भरून ठेवा आणि फ्रीजरमध्ये बर्फाच्या. वीज गेली की एक बर्फाची बाटली खाली आणून पुन्हा दार बंद. मांस चार अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर ते टाकायचं. नेमकं किती वेळ राहिलं ते समजत नसेल तरी टाकायचं. कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर यासाठीच घ्यायचा. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरही लावा, नाहीतर कॉम्प्रेसरच जायचा.

बुरशी, वास आणि टाकून देणं

वाळलेल्या थरावर पांढरी, बारीक, भुकटीसारखी बुरशी कधी कधी येते. ती वरच्या थरापुरती असते आणि थराबरोबर निघून जाते. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर पहिल्या प्रयोगात तुकडा ठेवू नका. अनुभवी लोक काय ठेवतात आणि काय नाही, ते अनुभव आल्यावर बघू.

चिकट, बुळबुळीत थर आला तर तो कितव्याही दिवशी आला तरी मांस गेलं. आंबट, अमोनियासारखा, कुजका वास आला तरी गेलं. हाडाजवळची फट मुद्दाम हुंगा, नासणं बहुधा तिथून सुरू होतं. मात्र वास चांगला आहे म्हणजे मांस सुरक्षित आहे, असं नाही. लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतात, आणि त्यांना वास नसतो. म्हणून तापमानाची वही नाकापेक्षा मोठी. घरात गरोदर बाई असेल, लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती औषधोपचारामुळे कमी झाली असेल, तर त्यांना हे मांस देऊ नका. त्यांच्यासाठी ताजं आणून नीट शिजवा.

सोलणं आणि तवा

तीस दिवस झाले की तुकडा फ्रिजमधून काढून लगेच, थंड असतानाच सोला. थंड मांस सुरीखाली घट्ट राहतं. आधी हाडाला लागून सुरी फिरवून मांस मोकळं करा. मग वाळका थर पातळ-पातळ काढत जा, आतलं ओलसर लाल मांस दिसेपर्यंत. पिवळट पडलेली चरबी काढा, आतली पांढरी ठेवा. फळी आणि सुरी थर काढून झाल्यावर गरम पाण्याने धुवा आणि मगच स्टेक कापा, नाहीतर बाहेरचं सगळं आत लावत बसाल. काढलेला थर काही जण सूपला वापरतात, मी टाकतो. हाडं मात्र बाहेरून खरवडून, भाजून, सूपला जरूर घाला.

धाग्यांना आडवे, दीड इंच जाडीचे तुकडे कापा. शिजवण्याआधी पाऊण तास मीठ लावून फ्रिजमध्येच उघडे ठेवा, मग टिपून घ्या. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. मुरलेल्या मांसात पाणी कमी, म्हणून ते ताज्यापेक्षा लवकर तांबूस होतं आणि लवकर शिजतं. ताज्या बीफच्या अंदाजाने वेळ लावलात तर करपेल. दर मिनिटाला उलटत राहा. मधोमध थर्मामीटर खुपसून त्रेसष्ट अंश झाले की उतरवा आणि किमान तीन मिनिटं, शक्यतो सात-आठ, तसंच विसावू द्या. यापेक्षा कच्चं ठेवून खाणारे खूप आहेत, पण घरी मुरवलेल्या पहिल्या तुकड्याला मी तो धोका घ्यायला सांगणार नाही. या मांसाचा खिमा केलात तर तो एकाहत्तर अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे.

मसाला नको. आलं-लसूण, हळद, रेशाद, यातलं काहीही लावलंत तर तीस दिवसांची चव बुडाली म्हणून समजा. मीठ, शेवटी भरडलेली मिरी, एवढं पुरे. सोबत माडाच्या विनेगरमध्ये चुरलेला कांदा आणि गरम पोई, म्हणजे आपला गोव्याचा पाव. रस ताटात सुटतो तो पोईने पुसून घ्यायचा.

उरलेले स्टेक घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये हवा काढून ठेवले तर दोन-तीन महिने चव टिकते. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि किती दिवस मुरवलं ते लिहा. फ्रिज रिकामा झाला की त्याच दिवशी जाळ्या आणि ट्रे उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, पंख्याची पाती पुसा, आणि पुढच्या तुकड्यापर्यंत दारात बूच अडकवून ते किलकिलं ठेवा.